सुपरहिरो चित्रपटांतील दृश्यपरिणाम

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकाच्या कथांवर आधारलेल्या चित्रपटांत, कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष घडविता न येणारी दृश्ये निर्माण करण्याची तंत्रे, तसेच त्या तंत्रांमुळे प्रेक्षकाच्या अनुभवाला लाभणारे रूप, यांचा या विषयात अंतर्भाव होतो. अशा नायकाला इंग्रजीतील ‘सुपरहिरो’ हे नाव रूढ असून तेच मराठीतही प्रचारात आहे. चित्रीकरणस्थळी प्रत्यक्ष घडवून आणलेले स्फोट, पाऊस व धूर, तारांच्या आधाराने मारलेल्या उड्या, यांत्रिक बाहुल्या इत्यादींना सामान्यतः ‘विशेष परिणाम’ म्हणतात. तर निरनिराळ्या प्रतिमांची जुळणी करून किंवा संगणकावर नव्याने प्रतिमा निर्माण करून साधलेल्या परिणामांना ‘दृश्यपरिणाम’ ही संज्ञा आहे. प्रत्यक्ष निर्मितीत या दोहोंची सरमिसळ होते आणि पडद्यावर ती वेगवेगळी ओळखता येऊ नयेत, असाच कारागिरांचा प्रयत्न असतो.

युद्धपटात किंवा ऐतिहासिक चित्रपटात दृश्यपरिणामांचे कार्य बहुधा पार्श्वभूमी पुरविण्याचे असते. सुपरहिरो चित्रपटात मात्र नायकाची शक्ती, तिची मर्यादा आणि पुष्कळदा त्याचा स्वभावही दृश्यपरिणामांच्याच द्वारे प्रकट होतो. माणूस उडू शकेल काय, हा प्रश्न येथे प्रेक्षक विचारीत नाही. कथेची अट म्हणून ते तो आरंभीच मान्य करतो. तो पारख करतो ती त्या शक्तीभोवतीच्या जगाची. उडणाऱ्याचे वस्त्र वाऱ्याने फडफडते काय, त्याच्या अंगावर पडलेला प्रकाश आकाशातील प्रकाशाशी जुळतो काय, पडणारी मोटार अडविताना त्याच्या पायांखालची फरशी खचते काय, या गोष्टी प्रेक्षक नकळत पाहत असतो. एका अशक्य गोष्टीभोवती बाकीचे जग आपल्या नित्याच्या नियमांनी वागत राहिले, म्हणजे त्या अशक्य गोष्टीवरही विश्वास बसतो. हा विश्वास टिकला, तरच नायकावरील संकट खरे वाटते व त्याच्या धैर्याला अर्थ येतो.

पार्श्वभूमी : सुपरहिरो ही मूलतः अमेरिकन चित्रकथांची निर्मिती होय. जेरी सीगल व जो शुस्टर यांनी निर्मिलेला सुपरमॅन ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात अवतरला. रेखाचित्रात माणसाला मोटार उचलावयास लावणे आणि घराचे दार उघडावयास लावणे, यांसाठी चित्रकाराला सारखेच श्रम पडतात. शिवाय चित्रकथेतील दोन चौकटींच्या मधली हालचाल वाचक स्वतःच कल्पनेने पुरी करतो. चित्रपटाला ही सवलत नाही. सेकंदाला २४ चित्रचौकटी या वेगाने त्याला ती हालचाल सलग दाखवावी लागते आणि प्रत्येक चौकटीत छायाचित्राची वास्तवता असते.

ही अडचण आरंभीच्या प्रयत्नांत स्पष्ट दिसते. मॅक्स व डेव्ह फ्लायशर या बंधूंनी १९४१ पासून काढलेल्या सुपरमॅनच्या व्यंगचित्रपटांत उड्डाण सहज साधले. कारण तेथे सर्वच जग रेखाटलेले होते. तथापि १९४८ मध्ये कोलंबिया या संस्थेने काढलेल्या १५ भागांच्या चित्रपटमालिकेत कर्क ॲलिन हा नट उड्डाणाच्या क्षणी अदृश्य होई आणि त्याच्या जागी रेखाटलेली आकृती पडद्यावर उडू लागे. छायाचित्र व रेखाचित्र यांतील हा सांधा लहान मुलांनाही जाणवण्यासारखा होता. १९५२ ते १९५८ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत जॉर्ज रीव्ह्‌ज या नटासाठी तारा व उडी मारण्याच्या फळ्या वापरण्यात आल्या. या दोन्ही प्रयत्नांत नायक उडाल्याचे प्रेक्षकाला कळत असे. ते उड्डाण मात्र त्याला जाणवत नसे.

‘सुपरमॅन’ (१९७८) : रिचर्ड डॉनर दिग्दर्शित व क्रिस्टोफर रीव्ह अभिनीत या चित्रपटाने ही उणीव प्रथम मोठ्या प्रमाणावर भरून काढली. माणूस उडू शकतो यावर प्रेक्षकाचा विश्वास बसेल, असे आश्वासनच त्याच्या जाहिरातीत दिलेले होते. इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत त्याचे पुष्कळसे काम झाले. प्रारंभी पुतळे व लहान प्रतिकृती हवेत सोडून पाहण्याचे प्रयोग झाले. परंतु त्यांतून जिवंत माणसाचा भास निर्माण होईना. अखेरीस कोणत्याही एका युक्तीवर विसंबून न राहता तारा, उंच याऱ्या, नटाच्या देहाच्या आकाराचे साचे, निळा पडदा व अग्रप्रक्षेपण या सर्वांचा आलटून पालटून उपयोग करण्यात आला. एका युक्तीतील दोष नजरेस येण्यापूर्वीच दृश्य बदलून दुसरी युक्ती सुरू होत असे.

निळ्या पडद्याच्या पद्धतीत नटाचे चित्रण एकसारख्या निळ्या पार्श्वभूमीवर करून, नंतर ऑप्टिकल प्रिंटर या यंत्राच्या साहाय्याने तो निळा भाग वगळून त्या जागी दुसरी प्रतिमा बसविली जात असे. सुपरमॅनचा पोशाखच निळा असल्यामुळे येथे विशेष अडचण उद्‌भवली. पार्श्वभूमीबरोबर पोशाखही नाहीसा होण्याचा धोका होता. म्हणून अशा दृश्यांसाठी हिरवट झाक असलेल्या निळ्या रंगाचा निराळा पोशाख वापरून पुढे रंगांची दुरुस्ती करण्यात आली.

अग्रप्रक्षेपणात कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत ठेवलेल्या अर्धपारदर्शक आरशावरून पार्श्वभूमीचे चित्र नटाच्या मागील पडद्यावर टाकतात. हा पडदा आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवीत असल्यामुळे चित्र कॅमेऱ्याला तेजस्वी दिसते. नटाच्या अंगावर पडलेला त्याचा अंश मात्र जाणवत नाही. या रचनेत झोरान पेरिसिच याने महत्त्वाची भर घातली. त्याने प्रक्षेपक व कॅमेरा या दोहोंनाही झूम भिंगे बसवून ती एकाच वेळी व एकाच प्रमाणात फिरतील अशी योजना केली. प्रक्षेपकाने चित्र लहान केले की कॅमेऱ्याचे भिंग तेवढ्याच प्रमाणात ते मोठे करी. परिणामी पार्श्वभूमी जशीच्या तशी राहून केवळ नट मोठा होत गेलेला, म्हणजेच प्रेक्षकाकडे झेपावत आलेला दिसे. वस्तुतः तो जागचा हललेलाही नसे. त्याला तोलून धरणारा दांडा त्याच्याच देहाआड लपलेला असे.

तथापि केवळ यंत्रांनी हा परिणाम साधला नसता. रीव्ह हा हौशी वैमानिक होता. वळण घेताना तो आधी मान, मग खांदा आणि मग सारा देह कलता करी. उतरताना पाय किंचित पुढे टाकून वेग जिरवी. हवा हे जड माध्यम असून त्यावर रेलता येते, अशी जाणीव त्याच्या हालचालींतून होई. चित्रपटातील पहिल्या जाहीर पराक्रमात वृत्तपत्र कार्यालयाच्या गच्चीवरून लोंबकळणाऱ्या हेलिकॉप्टरमधून लोइस लेन खाली पडते आणि सुपरमॅन तिला अधांतरी झेलतो. त्याने आपल्याला धरले आहे; पण त्याला कोणी धरले आहे, असे ती घाबरून विचारते. प्रेक्षकाच्या मनातील नेमका हाच प्रश्न असल्यामुळे चित्रपटगृहात हशा पिकतो आणि त्या हशातच उरलासुरला अविश्वास विरून जातो. पुढे दोघे रात्रीच्या नगरावरून एकत्र उडतात, तेव्हा उड्डाण हा पराक्रम न राहता प्रणयाचा अनुभव होतो. जॉन विल्यम्सच्या संगीताचा त्यात मोठा वाटा आहे. या चित्रपटाला दृश्यपरिणामांबद्दल विशेष ऑस्कर पुरस्कार देण्यात आला. लेस बोवी, कॉलिन चिल्व्हर्स, डेनिस कूप, रॉय फील्ड, डेरेक मेडिंग्ज व पेरिसिच हे त्याचे मानकरी होत.

वजन, गती व प्रतिकार : संगणकनिर्मित प्रतिमांचा वापर १९८० च्या दशकापासून वाढत गेला. ‘टर्मिनेटर २’ (१९९१) व ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटांनी अशा प्रतिमा छायाचित्रांच्या बरोबरीने नांदू शकतात, हे दाखवून दिले. त्यामुळे तारा, दांडे व साचे यांच्या मर्यादा संपल्या. परंतु त्यांच्याबरोबर एक आधारही गेला. तारेवर लोंबकळणाऱ्या नटाला स्वतःचे वजन असते व ते पडद्यावर आपोआप दिसते. संगणकातील आकृतीला वजन नसते. ते हिशेबाने निर्माण करावे लागते.

प्रेक्षकाला वजन जाणवते ते मुख्यतः विलंबातून व परिणामांतून. जड वस्तूला वेग घेण्यास व थांबण्यास वेळ लागतो. ती आदळल्यावर तिच्याबरोबर इतर वस्तूही हलतात, धूळ उडते, काचा तडकतात. वेगाने जाणारी वस्तू छायाचित्रात किंचित पुसट उमटते. बाहुलीची मुद्रा थोडी थोडी बदलून एकेक चौकट टिपण्याच्या जुन्या पद्धतीत हा पुसटपणा नसे व हालचाल धक्के खात झाल्यासारखी दिसे. संगणकावर तो हेतुतः मिसळता येतो. या बाबी नेमक्या साधल्या नाहीत, तर प्रेक्षकाला दोष कोठे आहे हे सांगता येत नाही. परंतु दृश्य ‘खोटे’ वाटते आणि त्याचा जीव गुंतत नाही.

सॅम रेमी दिग्दर्शित ‘स्पायडर-मॅन’ (२००२) व ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) या चित्रपटांत या तत्त्वाचा विचारपूर्वक उपयोग केलेला आढळतो. स्पायडर-मॅन उडत नाही. तंतूला लोंबकळत तो एका इमारतीवरून दुसरीकडे झोके घेतो. झोक्याचा अनुभव प्रत्येकाला बालपणापासून असतो. तळाशी येताना वाढणारा वेग व टोकाशी क्षणभर लाभणारे हलकेपण प्रेक्षक स्वतःच्या पोटात अनुभवतो. कॅमेराही नायकाच्या मागोमाग त्याच वक्रमार्गाने जात असल्याने हा अनुभव तीव्र होतो. दुसऱ्या चित्रपटातील खलनायक डॉक्टर ऑक्टोपस याच्या चार यांत्रिक भुजा काही दृश्यांत बाहुल्या चालविणाऱ्यांच्या गटाने प्रत्यक्ष हलविल्या, तर इतर दृश्यांत त्या संगणकावर निर्माण केल्या. नट आल्फ्रेड मोलिना याच्या देहाला त्या भुजांचा भार पेलावा लागे आणि संगणकावरील भुजांना त्या भाराचे मोजमाप आयते मिळे. नटांच्या चेहऱ्यांवर निरनिराळ्या दिशांनी येणारा प्रकाश कसा दिसतो, याची नोंद पॉल डेबेव्हेक याने विकसित केलेल्या ‘लाइट स्टेज’ या साधनाने करण्यात आली होती. त्यामुळे संगणकनिर्मित चेहरा कोणत्याही उजेडात ठेवता येऊ लागला. जॉन डाइक्स्ट्रा व त्याच्या सहकाऱ्यांना या कामाबद्दल ऑस्कर पुरस्कार मिळाला.

याच चित्रपटातील उन्नत लोहमार्गावरील आगगाडी थांबविण्याचा प्रसंग अभ्यासनीय आहे. स्पायडर-मॅन गाडीच्या पुढील भागास पाठ टेकून दोन्ही बाजूंच्या इमारतींवर तंतू फेकतो. तंतू ताणले जातात, इमारतींचे दर्शनी भाग उखडतात, त्याचा पोशाख फाटतो आणि मुखवट्याशिवाय त्याच्या चेहऱ्यावरील यातना दिसतात. गाडी लगेच थांबत नाही, हे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या लांबलेल्या क्षणांत शक्तीची मर्यादा व तिचे मोल प्रेक्षकाला कळते. शुद्ध हरपलेल्या नायकाला प्रवासी हातोहात डोक्यावरून आत नेतात, तेव्हा त्यांना तो एक पोरसवदा तरुण असल्याचे दिसते. संगणकाची करामत या मानवी क्षणाची पूर्वतयारी ठरते.

मुखवटा व चेहरा : सुपरहिरोचा चेहरा बहुधा झाकलेला असतो व भावदर्शनाचे मुख्य साधनच त्यामुळे हरवते. ‘आयर्न मॅन’ (२००८) या चित्रपटात यावर एक सोपा तोडगा काढण्यात आला. नायक लोखंडी शिरस्त्राणात असताना मधूनमधून त्याच्या आतील दृश्य दाखविले जाते. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर या नटाचा चेहरा अगदी जवळून दिसतो आणि त्याच्याभोवती उपकरणांनी दिलेली प्रकाशमान माहिती तरंगत असते. बाहेरची संगणकनिर्मित आकृती कितीही वेगाने गेली, तरी तिच्या आत एक गांगरणारा, विनोद करणारा माणूस आहे, याचा प्रेक्षकाला विसर पडत नाही. या चिलखताचे काही भाग स्टॅन विन्स्टन याच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष घडविलेले होते.

हल्क या पात्राच्या चित्रणातील बदल याहून उद्‌बोधक आहेत. १९७७ ते १९८२ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत बिल बिक्स्बी हा शास्त्रज्ञाची, तर हिरवा रंग फासलेला व्यायामपटू लू फेरिग्नो हा हल्कची भूमिका करी. दोन नटांमुळे शास्त्रज्ञ व हल्क हा एकच माणूस आहे, ही जाणीव क्षीण होत असे. अँग ली याच्या ‘हल्क’ (२००३) या चित्रपटात संपूर्ण आकृती संगणकावर निर्माण करण्यात आली. ‘द अव्हेंजर्स’ (२०१२) या चित्रपटात मार्क रफॅलो या नटाच्या हालचाली व मुद्रा टिपून त्यांच्या आधारे हल्क घडविण्यात आला. येथे शास्त्रज्ञाच्या डोळ्यांतील थकवा हल्कच्याही डोळ्यांत ओळखू येतो आणि द्विधा माणसाची ही कथा प्रथमच एका चेहऱ्यावर वाचता येते. ‘अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मधील थानोस या खलनायकासाठी जॉश ब्रोलिन याच्या चेहऱ्यावर ठिपके लावून, डोक्यावर बसविलेल्या लहान कॅमेऱ्यांनी त्याच्या मुद्रा टिपल्या गेल्या. त्या आराखड्यावरून चेहऱ्याचे बारकावे पूर्ण करण्यासाठी यंत्रशिक्षणाच्या पद्धतीचाही वापर झाला. परिणामी प्रचंड जांभळ्या देहाचे हे पात्र चित्रपटातील सर्वांत विचारी व म्हणूनच भयावह पात्र वाटते.

मानवी चेहऱ्याच्या बाबतीत प्रेक्षकाची नजर अत्यंत तीक्ष्ण असते. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी याने १९७० मध्ये असे मत मांडले, की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी तिच्याविषयी आपुलकी वाढते. परंतु ती जवळजवळ माणूस वाटू लागली, की एका टप्प्यावर एकाएकी अस्वस्थता निर्माण होते. ‘जस्टिस लीग’ (२०१७) या चित्रपटात याचा प्रत्यय आला. पुनर्चित्रणाच्या वेळी सुपरमॅनची भूमिका करणाऱ्या हेन्री कॅव्हिल याला दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी राखावी लागली होती. ती संगणकावर पुसून वरचा ओठ नव्याने घडविण्यात आला. प्रचंड लढाया बिनतक्रार पाहणाऱ्या प्रेक्षकांना तो ओठ खटकला व त्याची जगभर चेष्टा झाली.

प्रमाण व जोखीम : दृश्यपरिणाम जितके सुलभ झाले, तितका त्यांच्या अतिरेकाचा मोह वाढला. अनेक चित्रपटांचा शेवट आकाशातून येणारी संकटे, कोसळणारी नगरे व असंख्य सैनिक यांनी भरलेला असतो. पडद्यावर काहीही घडू शकते असे एकदा वाटले, की काही गमावले जाईल ही भीती उरत नाही. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) या चित्रपटाची नेपथ्य व वेशभूषा यांबद्दल वाखाणणी होऊन त्यांना ऑस्कर पुरस्कारही मिळाले. परंतु अखेरचे द्वंद्वयुद्ध दोन वजनहीन आकृत्यांचे वाटते, अशी टीका झाली. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) मध्ये नायकाच्या लढाईत महानगराचा मोठा भाग उद्‌ध्वस्त होतो आणि त्यात सापडलेल्या माणसांचा विचार फारसा होत नाही, हा आक्षेप घेतला गेला. त्यानंतरच्या ‘बॅटमॅन व्ही सुपरमॅन’ (२०१६) या चित्रपटाच्या आरंभी तोच विध्वंस रस्त्यावरून धावणाऱ्या एका माणसाच्या नजरेतून पुन्हा दाखविला आहे. घटना तीच असूनही अनुभव सर्वस्वी पालटतो. कारण कॅमेरा आता जमिनीवर, धुळीत व माणसाच्या उंचीवर आहे.

याउलट क्रिस्टोफर नोलन याच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटात शक्य तेथे प्रत्यक्ष घडविण्यावर भर होता. शिकागोच्या रस्त्यावर एक अजस्र मालमोटार दाबाने चालणाऱ्या दट्ट्याच्या साहाय्याने खरोखरच उलटी करण्यात आली. त्याच चित्रपटात हार्वी डेंट या पात्राचा जळालेला अर्धा चेहरा मात्र संगणकावर निर्माण केला आहे. रंगभूषेने चेहऱ्यावर भर घालता येते. मांस झडून गेल्याचे दाखविण्यासाठी चेहऱ्यातून काही वजा करावे लागते व ते संगणकालाच शक्य होते. प्रत्यक्ष व कृत्रिम यांपैकी एक श्रेष्ठ असे नसून, कोणत्या अनुभवासाठी कोणते साधन योग्य, याचा विवेक महत्त्वाचा ठरतो. ‘द बॅटमॅन’ (२०२२) या चित्रपटातील गच्चीवरच्या काही दृश्यांसाठी नटांभोवती प्रकाशमान एलईडी पडद्यांची भिंत उभारून तीवर नगराचे क्षितिज दाखविण्यात आले. मावळतीचा उजेड त्यामुळे नटांच्या चेहऱ्यांवर खरोखरच पडला. ही योजना नव्या साधनांनी अग्रप्रक्षेपणाच्याच विचाराकडे परतल्यासारखी आहे.

वास्तवाचा भास हा एकच मार्ग आहे, असेही नाही. ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) या सचेतनपटात छापील चित्रकथेतील ठिपके, रंगांची सरकलेली छपाई व चौकटी यांचा जाणीवपूर्वक वापर आहे. आरंभी नवशिक्या नायकाची मुद्रा दर दोन चौकटींनंतर, तर अनुभवी स्पायडर-मॅनची प्रत्येक चौकटीत बदलते. एकाचे अडखळणे व दुसऱ्याचा सराईतपणा प्रेक्षकाला कारण न कळताही जाणवतो.

भारतीय चित्रपटांतील परंपरा : अतिमानवी पराक्रम पडद्यावर पाहण्याची भारतीय प्रेक्षकाची सवय सुपरहिरो चित्रपटांहून जुनी आहे. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांना जादूच्या प्रयोगांची आवड होती व युक्तिचित्रण त्यांनी पहिल्यापासून हाताळले. त्यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिचे निरनिराळे भाव दाखवून मग तिचेच रूपांतर कृष्णात होते. हीच लहान मुलगी पुढे कालिया नागाशी झुंजते. पात्राच्या आतील माणूस आधी दाखवून मग चमत्कार घडविण्याची ही रीत लक्षणीय आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील वैकुंठगमनाच्या दृश्याचा प्रभावही केवळ विमानावर अवलंबून नाही. संसाराच्या काळजीने मागे राहणाऱ्या जिजाईमुळे तो दुणावतो. पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक श्रद्धेने आलेला असे, तर सुपरहिरो चित्रपटाला स्वतःचा विश्वास स्वतःच निर्माण करावा लागतो, हा दोहोंमधील मुख्य फरक होय.

हिंदीत शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या चित्रपटाची युक्तिदृश्ये पीटर परेरा यांनी साधली. अदृश्य होणारा नायक लाल प्रकाशात मात्र दिसतो, हा नियम तेथे आधीच सांगून ठेवला आहे. त्यामुळे साधनसामग्री मर्यादित असूनही उत्कंठा टिकते. ‘क्रिश’ (२००६) या चित्रपटात संगणकीय परिणामांचा व तारांच्या साहाय्याने केलेल्या साहसदृश्यांचा मोठा वापर झाला. मलयाळम भाषेतील ‘मिन्नल मुरळी’ (२०२१) या चित्रपटात केरळमधील एका खेड्यातील नायक व प्रतिनायक यांना एकाच विजेच्या आघाताने शक्ती मिळते. दृश्यपरिणाम मोजकेच असले, तरी दोघांची दुःखे ठळक असल्याने ते पुरेसे ठरतात.

निर्मितिव्यवस्था व कारागीर : एका मोठ्या सुपरहिरो चित्रपटात दृश्यपरिणाम असलेल्या तुकड्यांची संख्या दोन हजारांहून अधिक असू शकते. हे काम अनेक देशांतील कार्यशाळांत वाटून दिले जाते. मुंबई हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. लंडन येथे स्थापन झालेली डबल निगेटिव्ह ही संस्था २०१४ मध्ये मुंबईच्या प्राइम फोकसशी संबंधित संस्थेत विलीन झाली. नटाची आकृती चौकटीगणिक पार्श्वभूमीपासून वेगळी करणे, तारा पुसणे, कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढून संगणकातील कॅमेरा तिच्याशी जुळविणे अशी सूक्ष्म व कष्टाची कामे भारतात फार मोठ्या प्रमाणावर होतात. हे काम बिनचूक झाले, तर ते प्रेक्षकाला दिसतच नाही.

कामाचा मोबदला बहुधा आधीच ठरलेला असतो. चित्रपटात मात्र अखेरपर्यंत फेरबदल होत राहतात. त्यामुळे कार्यशाळांचे अर्थकारण नाजूक असते. मुंबई व हैदराबाद येथेही शाखा असलेली ऱ्हिदम अँड ह्यूज ही अमेरिकन संस्था फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील तिच्या कामाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. सुपरहिरो चित्रपटांच्या वाढत्या संख्येबरोबर लांबलेले कामाचे तास व अपुरी मुदत यांविषयीच्या तक्रारी उघडपणे मांडल्या जाऊ लागल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मार्व्हल स्टुडिओच्या दृश्यपरिणाम कर्मचाऱ्यांनी कामगार संघटनेच्या बाजूने एकमताने मतदान केले.

या प्रश्नाचा प्रेक्षकाच्या अनुभवाशी निकटचा संबंध आहे. पायाखाली खचणारी फरशी, चेहऱ्यावर पडलेला मावळतीचा उजेड, थांबण्यापूर्वी घसरत गेलेली आगगाडी हे तपशील अखेरच्या टप्प्यात व सावकाश केलेल्या कामातूनच येतात. मुदत आखडली, की प्रथम हेच तपशील गळतात. शक्ती पडद्यावर राहते, पण तिचे वजन व तिचे मोल नाहीसे होते.